बोडी फुटली, जबाबदार कोण?

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीच्या शिवारात पाण्याला उतार बरोबर कळतो. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, तिथून बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तलावात, बोडीतून नाल्यात असं ते उतरत जातं आणि शेवटी गाढवी नदीला मिळतं. रोवणी आटोपून आठवडा झालाय, रात्रभर पाऊस कोसळलाय आणि वरच्या शेतकऱ्याची बोडी फुटलीय, असं समजा. खालच्या तीन बांध्यांतलं धान मुळासकट वाहून गेलं, उरलेल्यावर गाळ बसला. सकाळी दोघं फुटलेल्या पारीवर, म्हणजे बोडीच्या मातीच्या बांधावर, उभे आहेत. वरचा म्हणतो, "पानीच तसा आला ना भाऊ, मी का करू?" खालचा म्हणतो, "उन्हाळ्यात पार बांधली असती त फुटली नसती ना."

या दोघांमध्ये कसलाही करार झालेला नव्हता. वरच्याने गुन्हाही केलेला नाही. पोलीस ठाण्यात गेलं तर 'हे दिवाणी आहे' असं सांगून परत पाठवतील. तरी एकाचं हंगामाचं पीक गेलं आहे आणि तो तोटा कोणी सोसायचा, याचं उत्तर कोणाला तरी द्यावंच लागेल. करार नाही, गुन्हा नाही, पण एकाच्या वागण्याने दुसऱ्याचं नुकसान झालंय, अशा वेळी लागू होणारा कायदा म्हणजे अपकृत्याचा कायदा. वकील मंडळी त्याला सरळ 'टॉर्ट' म्हणतात.

हा कायदा एखाद्या अधिनियमाच्या पुस्तकात कलमवार सापडत नाही. फ्रेडरिक पोलॉक या इंग्रज कायदेपंडिताने १८८६ मध्ये भारतासाठी त्याचा मसुदा तयार केला होता, पण तो कधीच मंजूर झाला नाही. न्यायाधीशांनी एकेका खटल्यात दिलेल्या निकालांतून हा कायदा घडत गेला. सामान्य माणसापर्यंत तो पोचला नाही याचं एक कारण मला हेच वाटतं. जमिनीच्या वाटणीचा कायदा गावातल्या म्हाताऱ्यालाही तोंडपाठ असतो. पण धानाचं पुंजणं शेजाऱ्याच्या धुऱ्यावरच्या आगीत जळालं तर शेजाऱ्याकडून भरपाई मागता येते, हे शिकलेल्यांनाही सुचत नाही. आपल्या डोळ्यांसमोर येतो तलाठी, पंचनामा आणि 'मदत जाहीर होईल' ही आशा.

मदत आणि भरपाई यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मदत सरकार ठरवतं. किती द्यायची, कोणाला द्यायची, कधी द्यायची, सगळं त्याच्या हाती. भरपाईचा आकडा मात्र नुकसानावरून ठरतो आणि ती ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याच्यावरचं देणं असते. दुकानदाराची उधारी जशी देणं असते, तसंच हेही.

अर्थात प्रत्येक तोटा असा वसूल होत नाही. केशोरीची मिरची नावाजलेली आहे. उद्या आजूबाजूच्या चार गावांनी तीच लावली आणि बाजारात भाव पडला, तर जुन्या मिरचीवाल्याला झळ बसेल, पण त्याला कोणावर दावा लावता येणार नाही. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी १४१० मध्ये एका मास्तराने जुन्या शाळेसमोर नवी शाळा काढली. जुन्या शाळेला फी उतरवावी लागली, ती न्यायालयात गेली आणि हरली. नुकसान खरं होतं, पण तिचा कोणताही कायदेशीर हक्क मोडला गेला नव्हता. याच्या उलट बाजूही आहे: कोणी परवानगीशिवाय तुमच्या बांधीतून ट्रॅक्टर नेला आणि एक काडीही मोडली नाही, तरी हक्क मोडला म्हणून दावा उभा राहतो.

दावे सगळ्यांत जास्त होतात ते निष्काळजीपणावरून. निष्काळजीपणा म्हणजे काय, हे समजायला एक मराठी मुलखातलाच खटला घेऊ. तो देशभर कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या बांधून पाय स्थिर केला. मग घरच्यांनी टॅक्सी केली आणि तेव्हाच्या रस्त्यांवरून तासन् तास प्रवास करून त्याला पुण्याला नेलं. ९ मे रोजी तो एका नामवंत शल्यविशारदाच्या रुग्णालयात दाखल झाला. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं द्यायची ठरलं होतं, प्रत्यक्षात एकच दिलं गेलं. भूल न देता, माणसांच्या मदतीने जोर लावून हाड बसवण्यात आलं आणि पायाला प्लास्टर घातलं गेलं. संध्याकाळी मुलाला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला आणि रात्री नऊच्या सुमारास तो गेला. वडिलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचं अपील फेटाळलं. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे.

३,००० रुपयांसाठी कोणी पंधरा वर्षं लढत नाही. त्या बापाला कोणाकडून तरी 'हे असं व्हायला नको होतं' हे वदवून घ्यायचं होतं, असं मला तो निकाल वाचताना नेहमी वाटतं. न्यायालयाने तपासलं ते मात्र अगदी थंडपणे. पहिलं, काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का? होतं, डॉक्टरने रुग्ण हातात घेतला की उपचार करायचे का, कोणते करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्हींत काळजी घेण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. दुसरं, त्यात कसूर झाली का? इथे न्यायालयाने मोजपट्टी सांगितली: अत्युच्च दर्जाची काळजी अपेक्षित नाही आणि अगदी किमान दर्जाची चालणार नाही, त्या परिस्थितीत तो व्यवसाय करणारा वाजवी माणूस जेवढी घेईल तेवढी हवी. भूल न देता जोर लावणं त्या मोजपट्टीत बसलं नाही. तिसरं, मृत्यू त्या कसुरीमुळेच झाला का? पुरावा पाहून न्यायालय म्हणालं, हो, त्यातून बसलेल्या धक्क्याने.

कर्तव्य, कसूर आणि त्या कसुरीतून झालेलं नुकसान, ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी दावा पडतो. उपचार करूनही रुग्ण दगावला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. आणि नुकसानही जवळचं लागतं. बोडीच्या पाण्याने धान गेलं, तर धानाचे पैसे मागता येतील, गाळ काढण्याचा खर्च मागता येईल. पण धान नाही म्हणून सोसायटीचं कर्ज थकलं, कर्ज थकलं म्हणून मुलीचं लग्न पुढे ढकललं, त्याचा हिशेब वरच्या शेतकऱ्याकडे लावता येत नाही. कायदा एका टप्प्यावर थांबतो, आणि तो टप्पा म्हणजे सरळ बुद्धीच्या माणसाला आधी अंदाज येऊ शकला असता एवढंच नुकसान.

पालशेतच्या खटल्यात काय काय घडलं ते सांगायला साक्षीदार होते. ते नसतील तर? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक बाई बाळंत झाली आणि तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखू लागलं, ताप चढला. पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत शस्त्रक्रियेच्या वेळचा टॉवेल राहून गेलेला निघाला. २४ जुलैला ती वारली. टॉवेल कोणाच्या हातून राहिला, डॉक्टरच्या की परिचारिकेच्या, हे त्या बाईच्या नवऱ्याने कसं सिद्ध करायचं? शस्त्रक्रियेच्या खोलीत तो नव्हता, आणि जिवंत असती तरी भुलीखालची बाई काय सांगणार? अशा ठिकाणी न्यायालय म्हणतं की वस्तूच बोलते आहे: निष्काळजीपणा झाला नसता तर टॉवेल पोटात सापडलाच नसता, आता रुग्णालयाने स्वतःचा खुलासा करावा. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने सरकारला जबाबदारीतून सोडलं, रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे असं म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये हा निकाल फिरवला: दवाखाना चालवणं हे राजेपणाचं काम नव्हे, आणि नेमका कोणता कर्मचारी चुकला हे बोट ठेवून दाखवता आलं नाही तरी मालक म्हणून राज्य जबाबदार. बाईच्या मृत्यूला तोवर बत्तीस वर्षं उलटून गेली होती. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून कुटुंबनियोजनाच्या शिबिरांना जाणाऱ्या बायांच्या घरी हा निकाल माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आणि ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती ५ लाखांच्या मदतीची आणि निलंबनाची. सरकार त्या कुटुंबांचं देणं लागतं, ही भाषा फार थोड्यांच्या तोंडी होती.

आता बोडीकडे येऊ, कारण इथे कायदा वेगळं वळण घेतो.

लँकेशायरमध्ये १८६० साली एका गिरणी मालकाने पाण्यासाठी तलाव बांधून घेतला. तलावाखाली जुन्या, बुजलेल्या खाणींची तोंडं होती. पाणी भरताच ते त्यांतून उतरलं आणि शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरलं. मालकाने काम जाणत्या कंत्राटदाराला दिलं होतं, त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा काहीच नव्हता. तरीही १८६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने त्याला जबाबदार धरलं. निसटली तर घात करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर सांभाळावी. 'रायलँड्स विरुद्ध फ्लेचर' या खटल्याचा हा नियम. याला कठोर दायित्व म्हणतात, कारण दोष होता की नव्हता हे इथे विचारलंच जात नाही.

हा नियम जसाच्या तसा झाडीपट्टीत आणला तर प्रत्येक बोडीवाला आणि प्रत्येक मामा तलाव गोत्यात येईल. पूर्व विदर्भातले हजारो माजी मालगुजारी तलाव म्हणजे साठवलेलं पाणीच तर आहे! कोहळी समाजाच्या पिढ्यांनी ते बांधले. पार, पाणी सोडायला तुडूम आणि जादा पाणी काढून द्यायला सलंग, एवढ्या तीन गोष्टींवर ते उभे आहेत. त्यांच्याशिवाय इथे धान पिकत नाही.

नेमका हाच पेच १८७४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर आला. आजच्या आंध्र प्रदेशातल्या कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे दोन तलाव अतिवृष्टीने फुटले आणि मद्रास रेल्वेचं बांधकाम वाहून गेलं. रेल्वेने रायलँड्सचा नियम पुढे केला. प्रिव्ही कौन्सिलने तो लावायला नकार दिला. हे तलाव कोणा एकाच्या फायद्यासाठी बांधलेले नाहीत, शेकडो वर्षांपासून प्रजेच्या पोटासाठी आहेत आणि ते राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच आहे. म्हणून रेल्वेला त्याचा निष्काळजीपणा दाखवून द्यावा लागेल. तो दाखवता आला नाही आणि रेल्वे हरली. इंग्रजी कायदा इथल्या मातीला लावताना न्यायाधीशांना थबकावं लागलं, असे प्रसंग त्या काळात फार नाहीत. हा त्यांतला एक, आणि तो तलावाच्या पारीवरचा.

म्हणजे आपल्या दोन शेतकऱ्यांचं भांडण पुन्हा पहिल्या प्रश्नावर आलं: पार राखण्यात कसूर झाली होती का? "पानीच तसा आला" हा बचाव कायद्याला मान्य आहे, त्याला दैवी आपत्ती म्हणतात, पण त्याची अट कडक आहे. पाऊस असा हवा की वाजवी माणसाला त्याची कल्पनाच करता आली नसती. दर दोन-चार वर्षांनी येणारा जोराचा पाऊस त्यात बसत नाही. उंदरांनी, खेकड्यांनी पारीला केलेली भोकंही बसत नाहीत. जुलै २०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसं गेली आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. पण खेकडे होते असं धरून चाललं तरी जबाबदारी टळत नाही. मातीच्या पारीला खेकडे लागतात हे झाडीपट्टीतलं पोरही जाणतं. म्हणूनच ती दर उन्हाळ्यात पाहायची आणि बुजवायची असते. जे आधीच ठाऊक आहे ते दैवी कसं? मालगुजारी संपल्यावर, १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने, तलाव सरकारकडे गेले आणि बरेचसे पुढे जिल्हा परिषदेकडे आले. पारीची डागडुजी पूर्वी गावच करायचं. आता मालक सरकार आहे, तर पार पाहण्याचं कर्तव्यही त्याचंच.

केशोरीच्या शेतकऱ्याला पाण्यापेक्षा जवळची भीती विजेच्या तारेची आहे. बांधीवर लोंबकळणाऱ्या तारा, चिखलात पाय, हातात विळा. इथे मात्र रायलँड्सचा नियम पुरता लागू होतो. शेजारच्या मध्य प्रदेशात ऑगस्ट १९९७ च्या एका पावसाळी रात्री कारखान्यातून सायकलने घरी निघालेला ३७ वर्षांचा कामगार रस्त्यावरच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेवरून गेला आणि जागीच मेला. वीज मंडळ म्हणालं, आमची चूक नाही, एकाने वीज चोरण्यासाठी आकडा टाकला होता, तीच तार पडली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा बचाव झिडकारला आणि चार लाखांवरची भरपाई कायम केली. वीज ही मुळातच जीवघेणी वस्तू. ती पुरवणाऱ्याने तार तुटताच प्रवाह थांबेल अशी सोय ठेवायची, आणि कोणी आकडा टाकील हे त्याला अपेक्षित असायलाच हवं. 'मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी' हे नाव तारेने माणूस किंवा बैल गेलेल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावं. उलट बाजूही सांगितलीच पाहिजे: रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणारा शेतकरी याच नियमाखाली येतो, शिवाय तुरुंगातही जातो.

भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधल्या वायुगळतीनंतर आपल्या न्यायालयाने या नियमाच्या सगळ्या पळवाटाच बंद केल्या. दिल्लीतल्या ओलियम गळतीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने सांगितलं की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला दैवी आपत्ती किंवा परक्याचं कृत्य असा कोणताही बचाव मिळणार नाही, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी.

आता चुकला एक आणि पैसे दुसऱ्याने द्यायचे, ही गोष्ट. २९ नोव्हेंबर २०२४ ला गोंदिया-कोहमारा रस्त्यावर एसटीची शिवशाही बस उलटली आणि ११ प्रवासी गेले. दुचाकीस्वाराला वाचवताना ताबा सुटल्याचं बातम्यांत आलं. अशा अपघातात चालकाची चूक ठरली तर त्याच्या पगारातून अकरा घरांची भरपाई निघणार नाही. नोकराने नोकरीच्या कामात केलेल्या चुकीला मालक जबाबदार, हा नियम त्यासाठीच. ज्याला कामाचा फायदा मिळतो आणि ज्याच्या हाती कामावरचा ताबा आहे, त्याने जोखीमही उचलायची. ट्रॅक्टर मालकाने हे नीट समजून घ्यावं: धान नेताना ड्रायव्हरने कोणाला उडवलं तर दावा मालकावर येतो आणि विमा नसेल तर शेत विकून पैसे भरावे लागतात. दोन गाड्यांची चूक असेल तर प्रवाशाच्या घरच्यांनी कोणाची किती हे मोजत बसायचं नसतं. पूर्ण रक्कम कोणा एकाकडून वसूल करता येते, वाटणी ते आपसांत करतील.

मोटार अपघातात कायदा सगळ्यांत पुढे गेला आहे, म्हणून भरपाईचा हिशेब कसा होतो ते इथेच पाहू. समजा, दुचाकीने मजुरीला जाणारा ३५ वर्षांचा माणूस ट्रकखाली गेला. कमाई महिना १०,००० रुपये. मागे बायको, दोन लेकरं आणि आई. 'प्रणय सेठी' या २०१७ च्या निकालाने सांगितलं की चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कमाईवाल्याचं उत्पन्न पुढे वाढलं असतं असं धरून ४० टक्के मिळवा: झाले १४,०००. त्याने स्वतःवर केलेला खर्च वजा करा. अवलंबून असलेले चार म्हणून पाव हिस्सा: उरले १०,५००. वर्षाचे १,२६,०००. 'सरला वर्मा' या २००९ च्या निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६ आहे. गुणाकार २०,१६,०००. अंत्यविधी, सहवासाचं नुकसान वगैरेंचे ठरलेले आकडे वर वेगळे. कोणाची चूक होती हे सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मिळणारी रक्कम ५ लाख आहे. गडबडीत, कोणाच्या तरी सांगण्यावरून, विमा कंपनीच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

आणि मेलेली बाई असेल तर? 'ती काही कमावत नव्हती' हे वाक्य कोर्टात आजही ऐकू येतं. जमशेदपूरला मार्च १९८९ मध्ये कंपनीच्या समारंभात आग लागून अनेक बाया आणि मुलं गेली. त्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत लावली, महिना ३,००० रुपये. पुढे २०२१ मध्ये 'कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या निकालाने तिच्या उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरायला लावली. झाडीपट्टीतली बाई तर परे उपटते, रोवणी करते, मोहफूल वेचते, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेच जंगलात असते. तिची मजुरी वकिलाने दाव्यात लिहिलीच नाही, तर न्यायाधीशाला ती दिसणार कशी?

ज्याचं नुकसान झालं त्याचीही चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. १८४२ च्या एका इंग्रज खटल्यात एकाने आपलं गाढव पुढचे पाय बांधून रस्त्यावर चरायला सोडलं होतं आणि भरधाव गाडीने ते चिरडलं. गाढवाच्या मालकाची चूक होतीच, तरी त्याला भरपाई मिळाली, कारण शेवटच्या क्षणी टाळणं गाडीवाल्याच्या हाती होतं. आज न्यायालयं चुकीची टक्केवारी लावतात. संध्याकाळी रस्त्यावर बसलेली गुरं पाहिली की मला हा खटला आठवतो.

जंगली जनावराचं काय, हा केशोरीतला रास्त प्रश्न. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जवळ आहे, आणि २०२२ मध्ये गडचिरोलीतून रानटी हत्तींचा कळपही अर्जुनी मोरगाव तालुक्यात उतरला. पाळलेल्या कुत्र्याचा किंवा बैलाचा मालक त्याच्या खोडीला जबाबदार असतो. रानातल्या वाघाला मात्र या अर्थाने मालक नाही. म्हणून तिथे अपकृत्याचा दावा अवघड पडतो आणि सरकारी तरतुदीने मिळणाऱ्या रकमेकडे वळावं लागतं. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर महाराष्ट्रात ती २५ लाख आहे.

रस्त्यावरच्या खड्ड्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवून दिलं की मृताच्या वारसांना ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख द्यावेत आणि ते चुकार कंत्राटदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करावेत.

एवढं सगळं असून दावे का होत नाहीत? बहुतेक वेळा पुरावा पहिल्या दोन दिवसांतच हरवतो म्हणून. बोडी फुटली की पाणी ओसरण्याआधी पारीचा, सलंगीचा, गाळाचा फोटो हवा. तलाठ्याच्या पंचनाम्यात नुसतं 'अतिवृष्टीने नुकसान' असं लिहून घेतलं, तर दावा तिथेच अर्धा बुडतो. पार कुठून फुटली, ती आधीपासून खचलेली होती का, हे त्यात यायला हवं. तार पडली असेल तर ती आधीपासून लोंबकळत असल्याची वीज कंपनीला दिलेली लेखी तक्रार सोन्याच्या मोलाची. फौजदारी खटला निकाली लागेपर्यंत थांबायची गरज नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, दिवाणीत जे जास्त संभवनीय ते पुरतं.

मुदती मात्र क्रूर असतात. साधारण नुकसानीच्या दाव्याला बहुधा ३ वर्षं. मृत्यूबद्दल १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली वारसांनी लावायच्या दाव्याला २ वर्षं. बदनामीला १ वर्ष. मोटार अपघातात २०१९ च्या दुरुस्तीने ६ महिन्यांची मुदत आणली, तिला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं, पण त्या भरवशावर बसू नये. पळून गेलेल्या अनोळखी गाडीने माणूस मेला तर २ लाख मिळतात आणि त्यासाठी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा असतो. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

बोडीचं भांडण बहुधा तंटामुक्ती समितीपुढेच मिटतं, आणि ते चांगलंही आहे, कारण दोघांना उद्या पुन्हा त्याच पाटाचं पाणी घ्यायचं असतं. फक्त तडजोड लिहून, सह्या करून, आकड्यासकट व्हावी. समोर वीज कंपनी किंवा विमा कंपनी असेल तर गावच्या बैठकीने भागत नाही, वकील लागतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, बायकांना, मुलांना, अपंगांना आणि पूर, दुष्काळ, औद्योगिक दुर्घटना यांत सापडलेल्यांना वकील फुकट मिळतो. बाईला किंवा आदिवासीला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. तो साध्या कागदावर मराठीत चालतो, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथला माणूस उतरवून घेतो.